नॉर्थ बेरिकच्या सोप्या वाटा: आई-बाबांना घेऊन निघण्याआधी

एडिनबर्गला लेकाकडे किंवा लेकीकडे आलेले आई-बाबा, एक मोकळा शनिवार आणि ‘जवळ समुद्र कुठे आहे गं?’ हा प्रश्न. उत्तर बहुतेक घरांत एकच असते, नॉर्थ बेरिक. आगगाडीने जेमतेम पस्तीस मिनिटे, गाव सपाट, स्टेशनापासून दहा मिनिटांत वाळू. तरीही परत आलेल्यांची गाऱ्हाणी ठरलेली असतात. वाळू दिसलीच नाही. वाऱ्याने कान धरले. टेकडी निम्म्यावरून सोडली आणि उरलेला दिवस कॉफीच्या दुकानात गेला.

गावात खोट नाही, क्रम चुकतो. लोक आधी गाडी पकडतात, तिथे उतरून हवा बघतात आणि पाणी कुठे आहे ते सगळ्यात शेवटी बघतात. इथे उलट चालायचे. आधी पाणी, मग वारा, मग वाट, आणि गाडीची वेळ शेवटी.

१. दोन दिवस आधी: पाणी, वारा, उजेड

*पाणी.* या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साधारण ५ मीटरचा फरक पडतो. उतार सौम्य असल्यामुळे ओहोटीला मैदानासारखी पसरलेली वाळू भरतीला एका पट्टीएवढी उरते, कुठे कुठे तेवढीही नाही. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. गेल्या शनिवारी मैत्रिणीने पाठवलेला वाळूचा फोटो या शनिवारी कामाचा नाही.

आपल्याकडे कोळ्यांचा हिशेब असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. माझे बाबा अलिबागचे. त्यांनी तो इथेही करून पाहिला आणि तो चुकला. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग (म्हणजे पाण्याचा सगळ्यात कमी चढ-उतार), एवढे इथेही खरे. पण घड्याळातली वेळ प्रत्येक किनाऱ्याची निराळी असते, त्यामुळे तक्ता बघण्याला पर्याय नाही. नॉर्थ बेरिकचा किंवा एडिनबर्गच्या लीथ बंदराचा तक्ता शोधा.

> सावधान: काही तक्ते वर्षभर ग्रिनिच वेळेत छापलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इथली घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा तक्त्यातल्या वेळेत एक तास मिळवावा लागतो. तक्त्याच्या कोपऱ्यातली बारीक टीप वाचा. मी एकदा वाचली नव्हती. बाबांना घेऊन वाळूवरून निघाले आणि निम्म्या वाटेत आम्हाला वाळूच्या टेकाडांवरच्या गवतातून वर चढावे लागले.

*वारा.* ब्रिटनच्या हवामान अंदाजात वारा बहुधा ताशी मैलांत देतात. भारतातून आलेला माणूस ‘२५’ वाचतो आणि झुळूक समजतो. पंचवीस मैल म्हणजे ताशी चाळीस किलोमीटर. शिवाय दोन आकडे असतात, एक सरासरी वाऱ्याचा आणि एक झोतांचा. झोतांचा आकडा धरा. झोत २५ मैलांच्या वर असतील तर साठी ओलांडलेल्या माणसांना मी टेकडीवर नेत नाही, आणि ३५ च्या वर असतील तर सहलच पुढे ढकलते. हे माझे आकडे. तुमच्या माणसांचे गुडघे तुम्हाला ठाऊक.

दिशाही बघा. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असतो, म्हणून लांब वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे चालावी म्हणजे वारा पाठीशी राहतो. जाऊन-येऊन वाट असेल तर जाताना वारा तोंडावर घ्या आणि परतताना पाठीवर. दमलेल्या माणसाला समोरून वारा लागला की शेवटचा किलोमीटर संपत नाही.

वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वारा पूर्वेचा असेल तर ‘हार’ येऊ शकते. समुद्रावरून आत सरकणाऱ्या दाट धुक्याला इथे हार म्हणतात. एडिनबर्गमध्ये लख्ख ऊन आणि नॉर्थ बेरिकला पन्नास पावलांपलीकडचे दिसत नाही, असे सहज घडते. त्या दिवशी टेकडी वगळा.

*उजेड.* जूनअखेर रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरअखेर दुपारी पावणेचारच्या सुमारास. हिवाळ्यात दुपारी दोनला परतीच्या वाटेवर असायला हवे.

तपासणी: एका कागदावर ओहोटीची वेळ, झोतांचा आकडा व दिशा, आणि सूर्यास्त लिहा. यातले एकही उत्तर कोरे असेल तर पुढे वाचू नका, आधी ते शोधा.

२. आता वाट निवडा

ओहोटी सकाळी असेल तर आधी वाळू आणि जेवणानंतर टेकडी. ओहोटी दुपारी असेल तर आधी टेकडी. दिवसभरात एकच मोठी वाट धरा, गावफेरी त्यात सहज बसते.

टेकडी आणि यलोक्रेगची लांब किनारवाट एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळा. तिशीतल्या माणसाला ते जमते, पण त्याच्यासाठी हा लेख नाही.

३. आदल्या रात्रीची तयारी

छत्री घरी ठेवा. या वाऱ्यात ती उलटते, आणि ती सांभाळताना माणूस पाय बघत नाही. टोपीचे पावसाळी जॅकेट हवे. आत एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ थर घाला. बंदरावर थंडी वाजते आणि टेकडी चढताना घाम येतो, तेव्हा काढता-घालता येणे महत्त्वाचे. मे-जूनमध्येही कानटोपी पिशवीत असू द्या. साडी नेसायचीच असेल तर नेसा, पण ती घोट्याच्या वर आणि आत लेगिंग. ओल्या वाळूने जड झालेला काठ पायात येतो.

बूट हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. विमानप्रवासासाठी घेतलेले मऊ, गुळगुळीत तळव्यांचे बूट ओल्या गवतावर घसरतात. तळव्याला खाचा असलेले, महिनाभर तरी वापरलेले बूट चालतात. नवे कोरे बूट चालत नाहीत, मग ते कितीही महाग असोत. मोज्यांचा एक जादा जोड घ्या.

डब्यात थालीपीठ किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि थर्मासमध्ये चहा. गावात खायला भरपूर मिळते, पण शनिवारी दुपारी एकला रांगा लागतात, आणि मधुमेह असलेल्या माणसाला रांगेत उभे करू नये. चिप्स घेणार असाल आणि घरात शाकाहारी माणसे असतील तर तेल कोणते, हे आधी विचारा. काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात. विचारल्याचा कुणालाही राग येत नाही.

आई-बाबांच्या गोळ्या, त्यांच्या प्रवास विम्याचा क्रमांक आणि चार्ज केलेला फोन. बस्स.

४. तिथे पोहोचणे

नावाचा उच्चार ‘बेरिक’, मधला ‘व’ मुका. याच उच्चाराचे दुसरे गाव आहे, बेरिक-अपॉन-ट्वीड. ते सरहद्दीपलीकडे इंग्लंडमध्ये येते आणि तिथेही एडिनबर्गहूनच गाडी जाते. तिकीट काढताना ‘नॉर्थ’ हा शब्द दोनदा वाचा. आपली गाडी वेव्हर्ली स्टेशनातून सुटते, मसलबरा, प्रेस्टनपॅन्स, लाँगनिड्री, ड्रेम असे थांबत जाते आणि नॉर्थ बेरिक हे शेवटचे स्टेशन, त्यामुळे उतरायचे चुकत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटरेलने गर्दीच्या वेळचे जास्तीचे भाडे बंद केले आहे, तेव्हा भाडे वाचवण्यासाठी उशिराची गाडी धरण्याचे कारण उरलेले नाही. उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी सकाळची लवकरची गाडी घ्या. अकराच्या गाडीत आई-बाबा उभे राहून येतील.

बसनेही येता येते. १२४ क्रमांकाची बस ॲबरलेडी, गलन, डर्लटन करत किनाऱ्याने येते. आगगाडीपेक्षा बराच वेळ लागतो, पण खिडकीतून समुद्र दिसतो.

> सावधान: साठीनंतर बसप्रवास फुकट, हे ऐकून पुष्कळ जण आई-बाबांना तसेच बसमध्ये चढवतात. ती सवलत स्कॉटलंडच्या रहिवाशांना, कार्डावर मिळते. पाहुण्यांना तिकीट घ्यावे लागते. तुमचे बँक कार्ड टेकवून चालते, पण माणशी वेगळे कार्ड किंवा फोन लागतो. एकाच कार्डावर चौघे नाहीत.

तपासणी: उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटून दुसऱ्या गाडीची वेळ बघा. शेवटची गाडी हुकली तर गंमत संपते.

५. पहिली वाट: गावफेरी (सुमारे ३ किलोमीटर, सपाट)

ही सगळ्यांनी करावी आणि आधी करावी, कारण हीच आई-बाबांची परीक्षा आहे. यात दम लागला तर पुढची वाट रद्द.

१. स्टेशनातून उतारावरून समुद्राच्या दिशेने उतरा. दहा मिनिटांत पश्चिम किनारा लागतो.

२. समुद्र डाव्या हाताला ठेवून बंदराकडे चाला. समोर ओळीने बेटे दिसतात, पश्चिमेकडून फिड्रा, लॅम्ब, क्रेगलीथ आणि पूर्वेला एकटाच उभा बास रॉक. फेब्रुवारी ते ऑक्टोबर तो पांढरा दिसतो. तो रंग गॅनेट पक्ष्यांचा आणि त्यांच्या विष्ठेचा. २०१४ च्या मोजणीत तिथे सुमारे ७५ हजार जोड्या होत्या, २०२२ च्या बर्ड फ्लूने त्यांतल्या पुष्कळ गेल्या. किनाऱ्यावर मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, नातवंडांनाही लावू देऊ नका.

३. बंदराच्या टोकाशी स्कॉटिश सीबर्ड सेंटर आहे. पाऊस आला तर इथे थांबा. धक्क्याच्या कडेला कठडा प्रत्येक ठिकाणी नाही, शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर उतरू नका. फोटोसाठी मागे मागे सरकणारे काका इथे मी बघितले आहेत.

४. पूर्व किनाऱ्यावर या. ओहोटी असेल तर ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. कोरड्या वाळूत पाय रुततो, पोटऱ्या दुखतात आणि दोष वयाला जातो. इथल्या दगडी तळ्यात भरतीचे पाणी अडते. मुले त्यात खेळतात, मोठ्यांनी काठावर चहा प्यावा.

५. हाय स्ट्रीटने परत. रस्ता अरुंद, पदपथ त्याहून अरुंद. एकामागे एक चाला.

कुणाला चालणे जमत नसेल तर वाळूवर चालणाऱ्या रुंद चाकांच्या खुर्च्या बंदराजवळ एक संस्था देते, मात्र आधी नोंदणी करावी लागते. त्या दिवशी जाऊन मागितल्या तर मिळतीलच असे नाही. माझ्या सासूबाईंना आम्ही अशाच खुर्चीतून पाण्यापर्यंत नेले. पायाला लाट लागल्यावर त्या फक्त ‘गार आहे’ एवढेच म्हणाल्या, पण परत फिरायला तयार नव्हत्या.

> सावधान: उघड्यावर खाताना पाठ भिंतीला. इथले समुद्रपक्षी मागून येऊन हातातला घास उचलतात.

६. दुसरी वाट: लॉ टेकडी (१८७ मीटर)

‘लॉ’ म्हणजे स्कॉट्स भाषेत एकटी उभी टेकडी. उंची पर्वतीच्या दुपटीहून जास्त, पण पर्वतीसारख्या पायऱ्या नाहीत. हाच फरक लोक विसरतात. चढणे दमवते एवढेच, पाय मोडतो तो उतरताना.

१. हाय स्ट्रीटवरून लॉ रोडने दक्षिणेकडे चालत राहा. टेकडी समोर दिसत असते, वाट चुकत नाही. पायथ्यापर्यंत सुमारे दीड किलोमीटर आणि हलका चढ. ज्यांना शिखर गाठायचे नाही त्यांनीही इथपर्यंत यावे.

२. पायथ्याशी पाच मिनिटे बसा. जॅकेट काढा, पाणी प्या, स्वच्छतागृहाचे काम गावातच उरकून या.

३. तुडवलेली, वळणे घेत जाणारी वाट धरा. मधून सरळ वर जाणाऱ्या उभ्या पायवाटा दिसतात. त्या झिजलेल्या आहेत, पावसानंतर घसरगुंडी होते, आणि त्यांच्यामुळे टेकडीची माती वाहून जाते.

४. तरुणांना अर्धा तास लागतो. आई-बाबांसाठी पाऊण ते एक तास धरा. बोलताना वाक्य तुटायला लागले की थांबायचे, एवढा नियम पुरे.

५. वर जुन्या टेहळणी चौक्यांचे अवशेष आहेत आणि देवमाशाच्या जबड्याची कमान. मूळ हाडे कुजली, आत्ताची कमान २००८ साली बसवलेली फायबरग्लासची प्रतिकृती आहे. वर वारा पायथ्याच्या दुप्पट वाटतो. जॅकेट आधी घाला, फोटो नंतर.

६. उतरताना पावले आखूड, गुडघे किंचित वाकलेले, आणि आधार देणारा माणूस खालच्या बाजूला. बहुतेक लेक प्रेमाने वरून हात धरतात. घसरले की दोघेही जातात.

टेकडीवर एक्समूर जातीची तट्टे चरतात. शांत असतात, पण त्यांना पोळी भरवू नका. उन्हाळ्यात उंच गवतातून गेलात तर घरी आल्यावर पायांवर, गुडघ्यामागे गोचीड बघा.

तपासणी: निम्म्यावर, जिथे चढ तीव्र होतो तिथे, मोठ्याने विचारा, ‘उतरायची ताकद आहे का?’ ‘चढवेल का’ असे विचारू नका. त्याला आपले वडील कायम होच म्हणतात.

७. तिसरी वाट: डर्लटन ते नॉर्थ बेरिक, यलोक्रेगमार्गे (सुमारे ६ ते ७ किलोमीटर)

माझी सगळ्यात आवडती आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी. लोक नॉर्थ बेरिकहून पश्चिमेकडे चालू लागतात. वारा तोंडावर, वेळ कुठलीही, आणि शेवट अशा ठिकाणी की परतीच्या बससाठी पुन्हा दीड-दोन किलोमीटर चालायचे. उलटी करा.

१. नॉर्थ बेरिकहून १२४ ने डर्लटनला या. बस थोडा वेळच घेते. किंवा एडिनबर्गहून येताना इथेच उतरा.

२. ओहोटीच्या दोन तास आधी इथे असा. सुटायची वेळ तिथून मागे मोजून काढा. पाणी मागे सरकत असताना चालायचे असते, पुढे येत असताना नाही.

३. गावातून यलोक्रेगच्या पाट्या धरून उत्तरेला, शेतांमधून दीड-दोन किलोमीटर. यलोक्रेगला वाहनतळाजवळ स्वच्छतागृह आहे. ते वापरा, गाव येईपर्यंत दुसऱ्याचा भरवसा नाही.

४. झाडीतून वाळूवर उतरलात की समोर फिड्रा बेट आणि त्यावरचे दीपगृह. इथे थोडे थांबा, डबा उघडा. पावसाळी ढगांतून ऊन पडले की या जागेसारखी जागा नाही. गर्दी वाहनतळाच्या आसपासच असते, पाच मिनिटे पुढे गेलात की किनारा तुमचाच.

५. आता उजवीकडे वळा. समुद्र डावीकडे, लॉ टेकडी समोर. धुके नसेल तर नकाशा लागत नाही. मध्ये खडकांचे पट्टे येतात. शेवाळावर पाय न देता वाळूच्या बाजूने वळसा घ्या. पाण्यात उतरणारे लहान ओहोळ रुंद आणि उथळ असतील तिथे ओलांडा.

६. शेवटचा भाग वेस्ट लिंक्स या गोल्फ मैदानाला लागून आहे. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक ठिकाणी जबाबदारीने चालण्याचा हक्क आहे आणि मैदानातून पलीकडे जाताही येते. पण हिरवळीच्या कापलेल्या गोलांवर पाय ठेवायचा नाही, आणि खेळाडू चेंडू मारत असेल तर थांबायचे. ‘फोर!’ अशी आरोळी आली तर वळून बघू नका, डोके झाका.

> सावधान: पाणी अंदाजापेक्षा वर आले तर खडकांना वळसा घालण्यासाठी पाण्यात उतरू नका. मागे फिरा किंवा टेकाडांवरच्या मळलेल्या वाटेने जा. कुणी खरोखर अडकले तर ९९९ फिरवा आणि ‘कोस्टगार्ड’ मागा. पोलिस मागितले तर एक फेरा वाढतो.

तपासणी: यलोक्रेगला पोहोचायला ठरल्याहून तासभर उशीर झाला असेल तर वाळूने पुढे जाऊ नका. डर्लटनला परत चला आणि बस घ्या.

८. जिथे चालत जाऊ नये

गावाच्या पूर्वेला टँटॅलनचा पडका किल्ला आहे, सुमारे पाच किलोमीटरवर. नकाशात किनारा सरळ दिसतो म्हणून लोक चालू लागतात. किनाऱ्याने सलग सोपी वाट तिथे नाही, आणि रस्त्यावरून गाड्या वेगाने जातात. बसने किंवा टॅक्सीने जा, त्याआधी किल्ला उघडा आहे का ते बघा. गलनहून टोकाला वळसा घालून यलोक्रेगला येणारी वाटही सुंदर आहे, पण लांब आणि खडकाळ. तीही सोप्या वाटांत धरू नका.

९. परतताना

गाडीच्या वीस मिनिटे आधी स्टेशनजवळ या. शेवटचा चढ छोटा आहे, पण दिवसाच्या शेवटी तोच जास्त लागतो. बाकावर बसून बूट उलटे करून वाळू झटका, मोजे बदला. थर्मासमध्ये चहाचा एक पेला राखून ठेवला असेल तर तो आता काढायचा. ड्रेम येईपर्यंत आई-बाबा बहुधा झोपलेले असतात.